फुगवट्यावरचा भराव

मुकादमाचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत भट्टीतून मातीचे नमुने काढत होती.

"मॅडम, सायलोच्या पायाजवळची जमीन फुगलीय."

"फुगलीय म्हणजे?"

"कालपर्यंत सपाट होती. आज क्वार्टर्सच्या बाजूला उंबरठ्याएवढी वर आलीय. फरश्या उखडल्यात. आणि सायलो जरा..." मुकादम अडखळला. "झुकल्यासारखं वाटतंय. मॅनेजरसाहेब म्हणतात, डोळ्यांचा भास आहे."

तिने नमुन्याची डबी तशीच टेबलावर ठेवली. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नाही. जमीन एका बाजूला फुगते याचा अर्थ दुसरीकडून काहीतरी खाली दाबलं जातंय, आणि मातीला पळायला वाट सापडलीय. तिच्या धंद्यात याहून वाईट बातमी नव्हती.

मॅनेजरसाहेब म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. ती शाळेत असतानाच आईवडील पाठोपाठ गेले आणि दादाने कॉलेज सोडून धान्याच्या गोदामात नोकरी धरली. तिच्या वेण्या तोच घालायचा. एक वर, एक खाली. पुढे तिने सगळं सोडून मातीचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा तो पोट धरधरून हसला होता. "लोक शिकून मातीतून वर येतात, तू शिकून मातीत चाललीस," म्हणाला, आणि त्या दिवसापासून तिचं नाव 'ढेकूळ' पडलं. फी मात्र त्यानेच भरली.

या सायलोच्या जागेची माती तिनेच तपासली होती. धान्य साठवायची काँक्रीटची उंच नळकांडी, दोन रांगांत एकमेकांना चिकटलेली, आणि सगळ्यांच्या खाली मिळून एकच रुंद, जाड पाया. वरची माती रोलर फिरवून फिरवून दगडासारखी केलेली. पण त्याखाली खोलवर ओली चिकणमाती होती, आणि तिथवर कुठल्याच रोलरचा दाब पोचत नाही. तिने अहवाल दिला होताच, शिवाय दादाच्या घरी जेवायच्या टेबलावर बसून तोंडी समजावलंही होतं.

"दादा, या मातीच्या कणाकणांत पाणी आहे. वर वजन आलं की पहिल्यांदा ते पाणीच उचलतं, माती नाही. पाणी हळूहळू निघून गेलं की मग मातीचे कण एकमेकांना भिडतात आणि तिला बळ येतं. म्हणून आधी थोडंच भर, मग थांब. मी मोजून सांगेन तेव्हा पुढचं भर."

"आणि नाही थांबलो तर?"

"ओली माती मुठीत आवळल्यावर काय होतं?"

"बोटांच्या फटीतून बाहेर येते," वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या.

दादाने मान डोलावली होती. पहिल्या वर्षी तो थांबलाही.

या वर्षी पीक अमाप आलं. ट्रकांची रांग फाटकापासून हमरस्त्यापर्यंत गेली, उघड्या अंगणात ढिगांना मोड यायला लागले आणि वरच्या ऑफिसातून सकाळ-संध्याकाळ फोन यायला लागले. ती त्या दिवसांत दुसऱ्या गावी एका पुलाच्या कामावर होती. दादाने तिला विचारलं नाही.

ती पोचली तेव्हा दुपार व्हायची होती. गाडीतून उतरल्यावर तिने वर पाहिलंच नाही; एवढ्या मोठ्या वस्तूकडे पाहून डोळे फसतात. ती सरळ क्वार्टर्सच्या विरुद्ध, रस्त्याकडच्या बाजूला गेली. तिथे पायाची कड आणि जमीन यांच्यात फट पडली होती. तिने हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला आणि बोटांना गार हवा लागली. पाया त्या बाजूने मातीवर टेकलेलाच नव्हता. पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार तिने आयुष्यभर ऐकला होता. आज ती तो हाताने चाचपून पाहत होती. ती तशीच उकिडवी बसून राहिली.

दादा मागून आला. दाढी वाढलेली, शर्ट दोन दिवसांचा.

"किती भरलंस?" तिने न वळता विचारलं.

त्याने वाकून फटीत पाहिलं.

"दादा."

"सगळं."

ती उठली. तिला ओरडायचं होतं, पण त्याचा चेहरा पाहून ती थांबली. लहानपणी ती तापाने फणफणली होती, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता.

"रागव नंतर," तो म्हणाला. "जन्मभर रागव. आता काय करायचं ते सांग."

तिने मुकादमाला वरच्या सज्ज्यातून ओळंबा सोडायला लावला. दोरीच्या टोकाचं वजन थरथरत स्थिर झालं तेव्हा खाली तिने खडूने खूण केली. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात वजनाचं टोक खुणेपासून बोटभर सरकलं. क्वार्टर्सच्या दिशेने.

"घरं रिकामी करा," ती म्हणाली. "आत्ता. सामानाला हात लावू नका."

क्वार्टर्स म्हणजे कामगारांच्या खोल्यांची एक रांग आणि टोकाला मॅनेजरचं घर. बायका गॅस बंद करून, मुलांना बखोटीला धरून बाहेर आल्या. कुणी दाराला कुलूप लावत होतं. दार चौकटीत बसेना म्हणून रडत होतं. वहिनी शेवटी निघाल्या. त्यांच्या हातात फक्त दादाचा चष्मा होता.

"घरी विसरला होता," त्या म्हणाल्या, जणू सगळं त्यासाठीच चाललं होतं.

तेवढ्यात सायलोच्या पोटातून घरघर ऐकू आली. धान्य बाहेर नेणारा पट्टा चालू झाला होता. ती धावत सुटली. सायलोखालच्या, रस्त्याच्या बाजूच्या भुयारात माणसांनी नळकांड्यांच्या तळाची गेटं उघडून धान्य काढायला सुरुवात केली होती.

"बंद करा! कुणी सांगितलं?"

"मॅडम, वजन कमी करायचं ना?" पट्ट्यावरचा माणूस गोंधळून म्हणाला. "ही गेटं चालतायत, म्हणून..."

"ही बाजू वर उचलली गेलीय. इथलं वजनच त्याला अजून धरून आहे. हे काढलंत तर उद्या नाही, आत्ता कोसळेल. धान्य त्या बाजूचं काढायचं, खाली दबलेल्या."

त्याने बटण दाबलं. पट्टा थांबला. सगळे तिच्याकडे पाहत राहिले.

"त्या बाजूच्या गेटांच्या मोटारी बंद आहेत," दादा शांतपणे म्हणाला. "पाया हलला तेव्हा तारा तुटल्या. पट्टा चालतोय, गेटं नाहीत. हाताने चाक फिरवून उघडावी लागतील."

"म्हणजे भुयारात उतरून."

"भुयारात उतरून."

क्वार्टर्सच्या बाजूचं भुयार पायाच्या पोटातून जायचं, आणि त्यात शिरायचा उतार नेमका फुगलेल्या जमिनीतून होता. मुकादमाने टोपी डोक्यावर नीट केली आणि पाऊल पुढे टाकलं. दादाने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"तुझं काम नाही ते. भरलं मी."

तिच्या मनात आलं, नको म्हणावं. दुसरा उपाय आहे असं खोटं सांगावं. पण ओळंबा हलत होता आणि दुसरा उपाय नव्हता, आणि दादा तिच्या तोंडाकडे पाहत होता. त्याने तिच्या चेहऱ्यावरून काय ते वाचलं.

"एकेक गेट उघड," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "पट्टा थांबला की गेट बंद करून बाहेर ये. कशासाठीही थांबू नकोस."

"तू ओळंब्याकडे बघ, ढेकळे. माझ्याकडे नको."

वहिनींनी त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. तो उताराने खाली गेला.

थोड्या वेळाने पट्ट्यावर धान्य आलं. पिवळी धार अंगणात लांब जाऊन पडायला लागली, ढीग वाढायला लागला. ती ओळंब्यापाशी बसून होती. टोक सरकत होतं, पण हळू. मग आणखी हळू. दुसऱ्या गेटाचं धान्य आलं तेव्हा ते जवळपास थांबलंच. वहिनी तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"थांबतंय का गं?"

"थांबतंय," ती म्हणाली.

तिला वाटलं, वाचलो. पुढे कितीतरी दिवस तिला त्या वाटण्याची लाज वाटत राहिली.

कुठलाही धमाका झाला नाही. क्वार्टर्सच्या कुंपणाची भिंत आधी हलकेच मागे रेलली, मग एखाद्या दमलेल्या माणसासारखी खाली बसली. जमिनीचा फुगवटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गुडघाभर वर आला. उताराच्या तोंडावरचा काँक्रीटचा स्लॅब दुमडला आणि त्या भोकात ओली, काळपट चिकणमाती भरत गेली. पट्टा किंचाळून थांबला.

वहिनी उभ्या राहिल्या. पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसत्या उभ्या.

जेसीबीचा ड्रायव्हर फाटकापाशीच होता. कुणी सांगायची वाट न पाहता त्याने यंत्र फुगवट्याकडे वळवलं. बादली वर गेली. ती धावली आणि बादलीच्या खाली जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा मॅडम! साहेब आत आहेत!"

"इथे खणायचं नाही."

"अहो, मग काढायचं कसं?"

"सायलोच्या वजनाने जी माती बाहेर आलीय, तीच आता त्याला अडवून धरतेय," ती म्हणाली. "हा फुगवटा त्याचा शेवटचा टेकू आहे. तू खणलंस की टेकू गेला. सगळंच दादाच्या अंगावर येईल, आणि तुझ्याही."

"मग काय करायचं?"

ते वाक्य तोंडातून काढणं तिला जमेना. शेवटी निघालं.

"याच्यावर भराव टाकायचा. जवळच्या रस्त्याच्या कामावरचं डबर आणा. मिळतील तेवढे ट्रक. पायाच्या कडेला नाही, इथे, फुगवट्यावर."

"याच्यावर?" वहिनींचा आवाज अगदी बारीक होता. "तो खाली आहे आणि तू वर दगड टाकणार?"

"वहिनी, तो इथे नाही. तो आत असेल, पायाच्या खाली, गेटांपाशी. तिथलं काँक्रीट जाड आहे, ते दगडाने दबणार नाही."

"असेल?"

उताराच्या बाजूला हवेची लोखंडी नळी जमिनीतून वर आली होती, आता तिरकी. ती गुडघ्यांवर बसली आणि नळीला तोंड लावलं.

"दादा!"

बराच वेळ काही नाही. मग खोलवरून, विहिरीतून यावा तसा आवाज.

"आहे."

वहिनी तिथेच मातीत बसल्या.

"दादा, नीट ऐक. तू कुठे आहेस? गेटांपाशी की उतारावर? खरं सांग, त्यावर सगळं आहे."

दूर पहिल्या ट्रकने गिअर बदलला.

"का विचारतेस?"

"फुगवट्यावर भराव टाकायचाय. तू उतारावर असशील तर नाही टाकता येणार."

या वेळची शांतता आणखी लांबली.

"गेटांपाशी आहे," दादा म्हणाला. "एक बंद केलं. दुसरं होत नाही. धान्य येतंय, कमरेपर्यंत आलंय. तू टाक भराव."

"नक्की?"

"टाक म्हणतो ना."

ती उठली आणि ट्रकला हात दाखवला. डबर पडलं तेव्हा पायांखालची जमीन थरारली. ती नळीला चिकटून उभी राहिली, नळी गाडली जाऊ नये म्हणून. उडणारे दगड तिच्या पोटऱ्यांना लागत होते. दुसरा ट्रक. तिसरा. प्रत्येक वेळी हात तिलाच हलवावा लागत होता, कारण कुठे टाकायचं ते दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. वहिनींना चार बायकांनी धरून ठेवलं होतं. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अगं, तुझा भाऊ आहे तो. अगं, तुझा भाऊ."

"दादा!" ती मधूनमधून नळीत हाक मारायची.

"आहे," तो म्हणायचा. मग एकदा त्याने नुसतंच काहीतरी ठोकलं. मग तेही थांबलं.

मुकादमाने ओळंब्यापासून हात वर केला. टोक थांबलं होतं.

आत शिरायला एकच वाट उरली होती. दोन भुयारांना जोडणारी एक आडवी मोरी होती, तारा नेण्यासाठी केलेली, जेमतेम माणूस सरपटेल एवढी. रस्त्याच्या बाजूने त्यात शिरता येत होतं, पण ती धान्याने गच्च भरली होती. मुकादम आणि आणखी तिघे आळीपाळीने आत सरपटले आणि बादल्या मागे सारत राहिले. बादली भरून बाहेर, रिकामी आत. सैल धान्य जेवढं काढावं तेवढं परत घसरत होतं. मग त्यांनी क्वार्टर्समधून दारं उखडून आणली आणि त्यांच्या फळ्या लावत लावत पुढे सरकले.

तिलाही आत जायचं होतं. मुकादमाने ऐकलं नाही.

"तुम्ही ओळंबा बघा. तो हलला तर आम्हाला बाहेर कोण काढणार?"

खरं होतं ते. म्हणून ती बसून राहिली. सख्खा भाऊ गाडला गेलेला, आणि ती एका दोरीकडे बघत होती. रात्रभर डोळ्याला डोळा न लागू देता, पाण्याचा घोट न घेता. वजन वाऱ्याने जरा डुललं तरी ती वाकून खडूची खूण पुन्हा तपासायची. वहिनी तिच्यापासून दूर, मोरीच्या तोंडाशी बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा दादाला बाहेर काढलं. तो जिवंत होता. ओठ निळे, केसांत, कानांत, पापण्यांत धान्याचा भुसा, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापडात गुंडाळलेला. कापड लाल होतं. वहिनी त्याच्यावर वाकल्या आणि अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत सरळ झाल्या नाहीत.

मुकादम तिच्यापाशी आला. त्याच्या कोपरांची सालं निघाली होती.

"मॅडम, एक सांगू?"

"सांगा."

"साहेब गेटांपाशी नव्हते." त्याने मान खाली घातली. "उताराच्या तोंडाशी होते. वरचा स्लॅब पायावर बसला होता. धान्य छातीपर्यंत होतं. पहारीने उचलला तेव्हा पाय सुटला."

डबराचा ढीग तिच्यासमोरच होता, तिने हात दाखवून दाखवून रचलेला.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सायलो पडलं नाही. तिरकंच उभं राहिलं आणि पुढे ते खालच्या बाजूने, थोडं थोडं करत, रिकामं केलं गेलं. चौकशी झाली, दादाची नोकरी गेली; त्याने कुणालाच दोष दिला नाही. क्वार्टर्समध्ये कुणाला राहू देईनात, म्हणून वहिनी तिच्या दोन खोल्यांच्या घरी राहायला आल्या. दुसरीकडे जायला त्यांना जागा नव्हती, नाहीतर आल्या नसत्या.

दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करत, एकच डबा भरत, आळीपाळीने हॉस्पिटलात जात. वहिनी तिच्यापुढे चहा ठेवत, पण कपाकडे बघून, तिच्याकडे नाही. रात्री भिंतीपलीकडून त्यांच्या कूस बदलण्याचा आवाज येई.

एकदा तिने दादाला एकट्याला गाठून विचारलं.

"तू उतारावर होतास."

"आत अंधार होता. कुठे होतो, मला काय माहीत."

"दादा."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "पाय आधीच अडकला होता. भिंत बसली तेव्हाच. तुझ्या दगडांनी काही झालं नाही."

"खरं?"

"खरं."

त्याने याआधीही तिला एकदा असंच, नक्की म्हणून सांगितलं होतं. तिने पुढे विचारलं नाही. त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. जिथे पाय नव्हता तिथेही.

पण ते पोटात ठेवणं तिला झेपेना. एका संध्याकाळी वहिनी गॅसपाशी उभ्या होत्या, दूध तापत होतं. ती दारात उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. मुकादम काय म्हणाला, स्लॅब कुठे होता, दादा काय म्हणतो.

वहिनींनी दूध उतू जाऊ दिलं नाही. गॅस बारीक केला.

"म्हणजे तो तुझ्याशी खोटं बोलला."

"हो."

"तू टाकावंस म्हणून."

"हो."

"आणि खरं बोलला असता तर?"

"नसता टाकला," ती म्हणाली. "माझा हात वर झाला नसता."

"मग काय झालं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर तिने मनात हजारदा काढलं होतं. आकडे मांडून, आकृत्या काढून, एकदा पहाटे उठून नुसती बोटांवर. दर वेळी उत्तर तेच यायचं, आणि दर वेळी त्यात थोडी फट राहायची.

"सायलो पडलं असतं. बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक, वहिनी. याहून जास्त मला सांगता येत नाही. कुणालाच नाही येणार."

दुधावर साय धरायला लागली होती. मग त्यांनी गॅस बंद केला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती.

"मी तुला हात हलवताना पाहिलंय," त्या म्हणाल्या. "ते माझ्या डोळ्यांपुढून जाणार नाही. तू काहीही सांगितलंस तरी."

"माझ्याही."

"माहीत आहे." त्यांनी डब्याचं झाकण शोधलं, लावलं, पुन्हा उघडून आत चमचा ठेवला. "आज मी जाते. उद्या त्याला कुबड्या देणार आहेत, तेव्हा दोघींनी जायला हवं. एकीला नाही पेलायचा तो."

त्या चपला घालून निघून गेल्या. ती ओट्यापाशी गेली आणि दुधाचं भांडं झाकून ठेवलं.